‘असू शकते’ म्हणजे किती?

संगमनेरच्या किंवा श्रीरामपूरच्या बसस्थानकावर बिस्किटांचा पुडा घेतला, तर घटकपदार्थांखाली बारीक इंग्रजी अक्षरांत अनेकदा दोन सूचना दिसतात. ‘यात गहू, दूध आहे’ ही पहिली. ‘यात शेंगदाणा असू शकतो’ ही दुसरी. आमची तक्रार दुसरीविषयी आहे.

भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या 2020 च्या लेबलविषयक विनियमांत ॲलर्जी आणणाऱ्या पदार्थांचे आठ गट आहेत. मुद्दाम घातलेला असा घटक जाहीर करणे सक्तीचे आहे. पण त्याच यंत्रावर आधी शेंगदाण्याचा माल झाला आणि त्याचा अंश बिस्किटात उतरला, तर तशी सूचना उत्पादक छापू शकतो. छापलीच पाहिजे असे नाही. किती अंश असला म्हणजे छापावी, यालाही आकडा नाही. मग एखादा कारखानदार यंत्रे नीट धुऊनही भीतीपोटी सूचना छापतो, दुसरा न धुताही गप्प राहतो. ज्या मुलाचा घसा एवढ्याशा अंशाने सुजून श्वास कोंडू शकतो, त्याच्या पालकांनी यातून काय समजावे?

आकडा ठरवता येत नाही असे मुळीच नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या तज्ज्ञगटाने शेंगदाण्यासाठी 2 मिलिग्रॅम प्रथिन, गव्हासाठी 5, कोळंबीसाठी 200 अशा संदर्भमात्रा सुचवल्या आहेत. शेंगदाण्यात सुमारे चौथा हिस्सा प्रथिने. म्हणजे अर्ध्या ग्रॅमच्या दाण्याचा जेमतेम साठावा भाग. हे गणित वर्गात जरूर करून घ्यावे. एवढ्या मात्रेनेही ॲलर्जी असलेल्या शंभरांपैकी पाचेकांना त्रास होऊ शकतो, हेही मुलांना सांगावे. पूर्ण अभय त्यात नाही, पण ‘असू शकते’ला निदान काही माप मिळते.

नुसत्या सक्तीनेही भागत नाही. अमेरिकेत 2023 पासून तिळाची नोंद बंधनकारक झाली, तेव्हा यंत्रे तीळमुक्त ठेवण्यापेक्षा काही पाव उत्पादकांनी तिळाचे पीठ मुद्दामच घातले आणि तसे छापले. कायदा पाळला गेला. तीळ न चालणाऱ्यांचा पाव मात्र गेला. (आपल्या 2020 च्या यादीत तीळ नाहीच, आणि संक्रांत तर घरोघर!)

शिवाय लेबल इंग्रजीत वा हिंदीत असले की विनियमांचे समाधान होते, मराठी ऐच्छिक. अकोले तालुक्यातल्या वाडीवर विकल्या जाणाऱ्या पुड्यावर निदान ही एक ओळ मराठीत आणि वाचता येईल अशा टायपात असावी, असे आम्हाला वाटते.