‘गुड’ म्हणजे काय?

इंग्रजीतलं ‘गुड’ हे विशेषण आपण दिवसातून पन्नास वेळा वापरतो. अर्थ विचारला की मात्र गाडी अडते. जी. ई. मूर यांनी १९०३ साली ‘प्रिन्सिपिया एथिका’त सांगून टाकलं, की ‘पिवळा’प्रमाणेच ‘गुड’चीही व्याख्या करता येत नाही. आम्ही वर्गात वर्षानुवर्षं हेच शिकवलं. आता वाटतं, ती तुलनाच फसवी आहे. पिवळा आंबा पिवळा असतो आणि आंबाही असतो. दोन्ही सुटं करून सांगता येतं. पण ‘गुड’ चोर घ्या. तो चोर आहे, आणि शिवाय ‘गुड’ आहे? छे! चोरी सफाईनं करतो, एवढंच. पीटर गीच यांनी १९५६ साली हाच मुद्दा मांडला: हे विशेषण नामाला टेकूनच उभं राहतं. व्याकरणापुरतं ते आम्हाला पटतं. पण सुरीचं काम कापणं, तसं माणसाचं काम कोणतं? ते ठरल्याशिवाय ‘गुड’ माणूस म्हणायचं कशाच्या बळावर? इथं गीच यांचं व्याकरण पुरत नाही. ॲरिस्टॉटलचं दार पुन्हा ठोठवावं लागतं.

एकदा उत्तरपत्रिकेवर आम्ही ‘गुड’ लिहिलं. विद्यार्थिनीनं विचारलं, “सर, उत्तर की अक्षर?” आम्ही हसून वेळ मारून नेली.