हे खापर रोमन कशावरून?

मराठवाड्यात जुन्या वस्तीच्या टेकाडाला 'पांढरी' म्हणतात. अशा एखाद्या पांढरीवर नेहमीपेक्षा निराळे, गुळगुळीत खापर मिळाले, की ते 'रोमन' असल्याचे चटकन सांगून टाकले जाते. 'सातवाहनकाळी महाराष्ट्राचा रोमशी व्यापार होता' हे वाक्य विद्यार्थ्यांना पाठ असते. वाक्य चुकीचे नाही. पण ते कशाच्या आधारावर उभे आहे, याची चौकशी वर्गात क्वचितच होते. ग्रीक ग्रंथ आणि रोमन वस्तू यांच्या अभ्यासकांनी गेल्या शंभराहून अधिक वर्षांत आपल्या प्रदेशाबद्दल काढलेले निष्कर्ष सारख्याच बळाचे नाहीत. त्यांतील तीन येथे तपासून पाहू.

नकाशावरची परीक्षा

'पेरिप्लस' हा ग्रीक ग्रंथ इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमधल्या एका अनामिक व्यापाऱ्याने लिहिला. तो सांगतो, की बॅरिगाझापासून, म्हणजे भडोचपासून, दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आहे आणि तेथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर नावाचे फार मोठे शहर आहे. या दोन्ही ठिकाणांहून माल गाड्यांनी भडोचला येई. त्यात पैठणचे गोमेदासारखे दगड आणि तगरचे कापड असे.

पैठण निश्चित आहे. मात्र तगर म्हणजे कोणते गाव, यावर एकोणिसाव्या शतकात बराच वाद झाला. दौलताबाद, जुन्नर, कोल्हापूर, धारूर अशी नावे पुढे आली. भगवानलाल इंद्रजींचा कल जुन्नरकडे होता, तर रा. गो. भांडारकरांचा धारूरकडे. १९०१ मध्ये फ्लीट यांनी धाराशिव जिल्ह्यातील तेर हेच तगर असल्याचे मांडले आणि ते मत आज सर्वमान्य आहे.

हा वाद शाळेतला नकाशा आणि पट्टी घेऊन तपासता येतो. भडोच ते पैठण सरळ रेषेत सुमारे ३५० किलोमीटर भरते. वीस दिवसांनी भागले, तर दिवसाला साडेसतरा किलोमीटर पडतात. बैलगाडीच्या चालीला हे शोभते. त्याच चालीने दहा दिवसांत पैठणपासून दीडशे-पावणेदोनशे किलोमीटर जाता येईल. दौलताबाद पैठणपासून जेमतेम ५५ किलोमीटर आहे, म्हणून ते बाद. कोल्हापूर ३३० किलोमीटर आहे, तेही बाद. जुन्नरचे अंतर बरोबर जमते, पण ते पैठणच्या पश्चिमेला आहे. उरली दोन. त्यांपैकी धारूर सुमारे १०५ किलोमीटरवर आहे आणि तेर १५० किलोमीटरवर. म्हणजे अंतराचा कौल तेरकडे पडतो.

आता अडचण पाहा. ग्रंथात दिशा 'पूर्व' दिली आहे. घनसावंगी पैठणच्या पूर्वेला साधारण साठ किलोमीटरवर आहे. ग्रंथाचे शब्दशः ऐकून निघालेला गाडीवान चौथ्या दिवशी घनसावंगीच्या आसपास मुक्काम करील आणि दहाव्या दिवशी जिंतूर-परभणीच्या परिसरात पोचेल. तेरला तो पोचणारच नाही, कारण तेर पैठणच्या आग्नेयेला, आणि तेही दक्षिणेकडे अधिक झुकलेले आहे.

मग फ्लीट चुकले काय? नाही. ग्रंथकार भडोचहून पैठणलाही 'दक्षिणेला' म्हणतो आणि तीही दिशा खरी आग्नेयच आहे. किनाऱ्यावरच्या व्यापाऱ्याला आतल्या मुलखाच्या दिशा ढोबळच ठाऊक असणार. याखेरीज तगर, तयर, तेर असा नावाचा प्रवास भाषाशास्त्राला धरून आहे. शिलाहार राजे स्वतःला 'तगरपुरवराधीश्वर' म्हणवीत, यावरून तगर हे नामांकित नगर होते हेही कळते. १९५८ पासून तेरला झालेल्या उत्खननांत सातवाहनकालीन समृद्ध वस्ती उघड झाली. एकमेकांवर अवलंबून नसलेले तीन-चार पुरावे एकाच गावाकडे बोट दाखवतात, म्हणून हा निष्कर्ष भक्कम आहे. एक पुरावा, म्हणजे दिशेचा, नीट बसत नाही. तो लपवून न ठेवता सांगावा, असे आम्हांला वाटते.

पाँपेईची मूर्ती कोणाची?

दुसरा निष्कर्ष आमच्या जालना जिल्ह्याच्या जिव्हाळ्याचा आहे. १९३८ मध्ये इटलीतील पाँपेई येथे एका घरात सुमारे २५ सेंटिमीटर उंचीची हस्तिदंती स्त्रीमूर्ती मिळाली. इसवी सन ७९ मध्ये वेसूव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली हे शहर गाडले गेले, तेव्हा मूर्ती त्यापूर्वीचीच हे निर्विवाद आहे. शैली भारतीय आहे, याबद्दलही वाद नाही. प्रथम तिला लक्ष्मी म्हटले गेले, पण आता बहुतेक अभ्यासक तिला यक्षी मानतात. तिच्यात वरून खाली भोक आहे. त्यामुळे ती आरशाची मूठ असावी किंवा फर्निचरचा भाग असावा, असे तर्क आहेत.

तशाच शैलीची एक हस्तिदंती मूर्ती तेरच्या लामतुरे संग्रहात आहे. १९७३ मध्ये नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांनी भोकरदनला, म्हणजे प्राचीन भोगवर्धनला, उत्खनन केले, तेव्हा तेथेही अशाच मूर्तीचा भग्न भाग मिळाला. यावरून पाँपेईची मूर्ती भोकरदनला किंवा तेरला घडली, असे अनुमान मांडले गेले. अनुमान म्हणून ते आकर्षक आहे. पण अनेक लेखांत ते सिद्ध झालेल्या गोष्टीसारखे येते. तेथे आमचा आक्षेप आहे.

पाँपेईच्या मूर्तीच्या तळाशी खरोष्ठी लिपीतले अक्षर आहे. ही लिपी दख्खनची नव्हे, वायव्य भारताची. अफगाणिस्तानात बेग्राम येथेही भारतीय हस्तिदंती कामाचा मोठा साठा मिळाला आहे. सांचीच्या तोरणावरील एक शिल्प विदिशेच्या हस्तिदंत कारागिरांनी घडवल्याचा लेख तेथेच कोरलेला आहे. सांचीला दान देणाऱ्यांत भोगवर्धनचे लोकही होते. म्हणजे माणसे, माल आणि शैली सगळीकडे फिरत होती. सारखेपणावरून नाते दिसते, जन्मगाव ठरत नाही.

येथे तीन मूर्तींच्या पुराव्याची प्रतवारीही पाहावी. पाँपेईची मूर्ती राखेच्या थरातली, म्हणून तिची कालमर्यादा पक्की. भोकरदनचा तुकडा उत्खननातला, म्हणून त्याच्या सोबत काय होते ते सांगता येते. लामतुरे यांनी कष्टाने जमवलेला तेरचा संग्रह मौल्यवान आहे, पण त्यातील वस्तू मुख्यतः उत्खननाबाहेर गोळा झालेल्या. वस्तू हाती आली, थर मात्र हातचा गेला.

खापरांची साक्ष

तिसरे उदाहरण सर्वांत बोधप्रद आहे. १९४५ मध्ये मॉर्टिमर व्हीलर यांनी पुदुच्चेरीजवळ अरिकमेडू येथे उत्खनन केले. तेथे इटलीत बनलेली, काळ ठाऊक असलेली भांडी मिळाली आणि त्यांच्या आधारे व्हीलर यांनी थरांचा काळ ठरवला. ही त्यांची मोठी कामगिरी होय. पण आतल्या बाजूस बारीक ठिपक्यांची वर्तुळे असलेल्या ताटल्याही त्यांनी भूमध्य समुद्राकडच्या किंवा तिकडच्या नकला मानल्या. मग ज्या ज्या गावी अशी ताटली मिळाली, त्याचे वय तिच्यावरून ठरू लागले. एक चिठ्ठी चुकीची लागली, की तिच्यावर विसंबलेल्या साऱ्या गावांची वये चुकतात.

१९८० च्या दशकात विमला बेगली यांनी थर पुन्हा तपासून ही भांडी अधिक जुनी आणि भारतीय असल्याचे दाखवले. १९९७ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे विश्वास गोगटे यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने त्यांच्या मातीतील खनिजे ओळखली आणि बंगालच्या तामलूक-चंद्रकेतुगड भागाकडे निर्देश केला. नेमक्या जागेबद्दल पुढे मतभेद झाले, पण माती भारतीय हे टिकले.

मद्य नेण्याच्या रोमन कुंभांची, म्हणजे अँफोरांची, कथाही अशीच. भारतात 'रोमन' म्हणून नोंदलेल्या अशा अनेक खापरांची रोबर्टा टॉम्बर यांनी फेरतपासणी केली. त्यांतील बरीच मेसोपोटेमियातील, आतून डांबर लावलेल्या बिनकानी कुंभांची आणि काही शतकांनी नंतरची असल्याचे त्यांनी २००७ मध्ये दाखवले. खरे इटालियन कुंभही आहेत. नेपल्सकडच्या कुंभांच्या मातीत ज्वालामुखीचे काळे कण असतात. पण नुसता काळा कण पाहून भागत नाही, कारण आपल्या बेसाल्टच्या मातीतही काळी खनिजे असतातच. खापराचा पातळ छेद सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून कोणकोणती खनिजे एकत्र आहेत, ते पाहावे लागते.

वर्गासाठी

या संशोधनाचे दोष दोन्ही बाजूंचे आहेत. चांगले खापर दिसले, की ते बाहेरून आले असे मानण्याची एकेकाळी सवय होती. आता सुंदर मूर्ती दिसली, की ती आपल्याच गावची म्हणण्याचा मोह आहे. दोन्हींत तपासणीची पायरी गाळली जाते.

शिक्षकांनी तगरचे गणित वर्गात जरूर करून घ्यावे. मुलांनी आणलेल्या खापराबद्दल तीन प्रश्न विचारावेत: ते कोठल्या थरातले? माती कोठली? दुसरा कोणता स्वतंत्र पुरावा जुळतो? मात्र मुलांना पांढरी उकरायला लावू नये. दिसलेली वस्तू जागची न हलवता तिचा फोटो काढावा, जागा नकाशावर टिपावी आणि पुरातत्त्व खात्याला कळवावे. थरातून उपसलेले खापर कितीही सुंदर असले, तरी पहिल्या प्रश्नाचे उत्तर ते पुन्हा कधी देत नाही.