पाठीमागून येणारं भय

‘डार्क शॅडोज’ ही एबीसी वाहिनीवरची अमेरिकी मालिका १९६६च्या जूनमध्ये सुरू झाली आणि १९७१च्या एप्रिलमध्ये, १,२२५ भागांनंतर थांबली. चेटकीण, भुतं, शवपेटीतून उठलेला रक्तपिपासू बार्नबस असा सगळा ऐवज तिच्यात आहे. तरी मला खरी धास्ती वाटते ती विडोज हिल या कड्याची.

मेन राज्यातलं कॉलिन्सपोर्ट हे काल्पनिक गाव, तिथला कॉलिनवुड वाडा आणि वाड्याजवळ समुद्रावर तुटलेला हा कडा. दर्यावर गेलेल्या नवऱ्यांची वाट पाहत बायका इथं उभ्या राहत. काहींनी इथूनच उडी घेतली. वारा सुटला की त्यांचा आक्रोश ऐकू येतो, अशी दंतकथा. प्रत्यक्षात हा कडा न्यूयॉर्कच्या स्टुडिओतला. थोडे खोटे खडक, वारा आणि लाटांचा आवाज. दरी दिसत नाही. खाली पाहणाऱ्याच्या चेहऱ्यावरून तिची खोली कळते.

आणखी एक खुबी लक्षात घेण्याजोगी. समुद्र समोर असतो, पण धोका बहुतेकदा पाठीमागून येतो. मालिकेच्या सुरुवातीलाच नवी शिक्षिका व्हिक्टोरिया कड्यावर उभी असताना रॉजर कॉलिन्स मागून येऊन तिला दचकवतो. त्याचं बोलणं सभ्य, पण त्यातला खवचटपणा लपत नाही. पुढे अठरा वर्षं वाड्याबाहेर न पडलेली मालकीण एलिझाबेथ ब्लॅकमेलला कंटाळून याच कड्यावर जीव द्यायला येते, आणि तिला मागे खेचते ती व्हिक्टोरियाच. पाठीमागून आलेलं पाऊल या वेळी मात्र तारणारं ठरतं.

या सगळ्याचा कळस म्हणजे बार्नबसचं जिच्यावर प्रेम होतं ती जोसेट. तिच्या उडीची कथा बार्नबस १९६७मध्ये, एका वादळी रात्री, दुसऱ्याच कुणाची असावी तशी सांगतो. पुढे मालिका १७९५ सालात जाते आणि १९६८च्या सुरुवातीला तीच उडी आपल्यासमोर घडते. ती मरणार हे ठाऊक असल्यामुळे उत्सुकता उरते फक्त कारणाची. चेटकीण अँजेलिक तिला तिचंच भावी रूप दाखवते: रक्तावर जगणारं, मरण नसलेलं. तेवढ्यात पाठीमागून बार्नबस येतो. तो तिला प्रेमापोटीच अमरत्व देऊ पाहतोय, आणि तेच टाळण्यासाठी ती कडा जवळ करते.

‘डार्क शॅडोज’सारख्या रोजच्या मालिकेला शेवट परवडत नाही. तिची पात्रंही सहजासहजी सुटत नाहीत. जोसेटचं भूत तर ही उडी दिसण्याच्या कितीतरी आधीपासून मालिकेत वावरत होतं. न संपणं हीच शिक्षा, हे जोसेटला उमगतं. प्रेक्षकाला रोज पुढचा भाग हवा असतो. तिला तो नको असतो. भयकथेच्या आडून आपल्याच माध्यमावर केलेली ही टीका लेखकांनी जाणूनबुजून केली असो वा नसो, त्या प्रसंगाचं मोल तिच्यातच आहे.