वार्धक्य, जैवघड्याळ आणि माहुलचे रोहित पक्षी : एक चिकित्सा

वार्धक्यामुळे प्राण्यांच्या दैनिक लयीत होणाऱ्या बदलांविषयीच्या संशोधनाची प्रस्तुत लेखात माहुलच्या संदर्भात चिकित्सा केली आहे. सस्तन प्राण्यांचे मुख्य जैवघड्याळ मेंदूतील हायपोथॅलॅमसमध्ये असते. वयोमानानुसार त्याची लय क्षीण होते, झोप तुटक होते आणि बदललेल्या प्रकाशचक्राशी जुळवून घेण्यास अधिक दिवस लागतात. डेव्हिडसन व सहकाऱ्यांनी २००६ मध्ये वृद्ध उंदरांचे प्रकाशचक्र दर आठवड्याला सहा तास अलीकडे आणले. त्यांपैकी ४७ टक्केच जगले. चक्र न बदललेल्या गटात हे प्रमाण ८३ टक्के होते.

हा निष्कर्ष महत्त्वाचा आहे. तथापि तो दिवा लावताच उजाडणाऱ्या प्रयोगशाळेतील आहे. शिवडी-माहुलच्या चिखलपट्टीवर संधिप्रकाश असतो, खाद्य भरती-ओहोटीवर अवलंबून असते आणि रात्रभर तेलशुद्धीकरण कारखान्यांचे दिवे जळतात. शिवाय पक्ष्यांचे जैवघड्याळ डोळे, पिनियल ग्रंथी व हायपोथॅलॅमस यांत विभागलेले असते. त्यामुळे उंदरांवरील अनुमान रोहितांना सरसकट लावणे युक्त ठरत नाही.

दुसरी उणीव पक्षिगणनेची आहे. करड्या पिसांवरून अल्पवयीन रोहित ओळखता येतात. प्रौढाचे वय मात्र दिसत नाही. ॲडलेड प्राणिसंग्रहालयातील एक रोहित २०१४ मध्ये मरण पावला तेव्हा किमान ८३ वर्षांचा होता. इतक्या दीर्घायुषी पक्ष्यांची संख्या टिकून आहे, एवढ्यावरून रात्रीचा प्रकाश निरुपद्रवी ठरत नाही. कच्छच्या प्रजननस्थळी पिलांच्या पायांत कडी घालून त्यांचा अनेक वर्षे मागोवा घेणे, हाच या प्रश्नाच्या उत्तराचा विश्वसनीय मार्ग होय.