दक्षिणा, फेलोशिप आणि तासिका : शिकवणाऱ्या विद्यार्थ्याचा प्रश्न

आजचा विषय ठरला तेव्हा आमच्यातल्याच एकाने विचारलं, "फेलो म्हणजे नक्की कोण हो? विद्यार्थी की मास्तर?" आम्हाला चटकन उत्तर देता आलं नाही. आज ते देण्याचा प्रयत्न करतो.

आधी निमित्त सांगतो. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात म्हटलं आहे की पीएच.डी.ला नव्याने येणाऱ्यांनी अध्यापनाचा अभ्यासक्रम करावा आणि अध्यापन-साहाय्यक म्हणून ठरावीक तास प्रत्यक्ष शिकवावं. मुलांनी एकमेकांना शिकवण्याचंही त्यात कौतुक आहे. कागदावर दोन्ही गोष्टी चांगल्याच आहेत. आमची तक्रार अशी की या विषयावर बोलताना आपण ही कल्पना जणू परवाच विमानातून उतरली असं बोलतो. महाराष्ट्रात ती दीडशे वर्षांहून जुनी आहे आणि तिचे गुणदोषही तितकेच जुने आहेत.

'दक्षिणा' हा शब्द घ्या. सेनापती खंडेराव दाभाडे यांच्यापासून श्रावणात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटण्याची रीत पडली. पुढे ती पेशव्यांनी चालवली. पेशवाई गेल्यावर एल्फिन्स्टनने ती एकदम बंद केली नाही. त्याच पैशातून १८२१ मध्ये पुण्याची संस्कृत पाठशाळा निघाली. १८४९च्या सुमारास लोकहितवादी आणि त्यांच्यासारख्या सुधारकांनी अर्ज केला की यातला काही भाग मराठी ग्रंथांसाठी द्यावा. सनातनी मंडळी खवळली आणि जोतीराव फुले अर्जदारांच्या पाठीशी उभे राहिले. पुढे याच निधीतून कॉलेजांत 'दक्षिणा फेलो' नेमले जाऊ लागले. म्हणजे काय, तर हुशार तरुणाने पुढचा अभ्यास करायचा, खालच्या वर्गांना शिकवायचं आणि त्याबद्दल दरमहा वेतन घ्यायचं. न्यायमूर्ती रानडे दक्षिणा फेलो होते, रा. गो. भांडारकरही होते. मुंबई विद्यापीठातून १८६२ मध्ये बी.ए. झालेल्या पहिल्या तुकडीतली ही माणसं.

इथवर ऐकून अभिमान वाटतो, आणि वाटावाच. पण टीका करायची तर अभिमानापाशी थांबून भागत नाही.

रानड्यांच्या चरित्रांत एक प्रसंग येतो. त्यांनी उत्तरपत्रिकेत इंग्रजी राज्यापेक्षा मराठ्यांच्या राज्याला बरं म्हटलं, आणि प्राचार्य अलेक्झांडर ग्रँट यांनी सहा महिने त्यांचं वेतन थांबवलं. ग्रँट यांचा रानड्यांवर लोभ होता, हेही तिथेच लिहिलेलं असतं. लोभ असूनही वेतन थांबलं, हा मुद्दा आहे. फेलोला पैसा मिळत होता, पण तो देणाऱ्याच्या मर्जीवर. काय शिकायचं आणि काय बोलायचं, हे ठरवणारा दुसराच कोणी होता.

आता याच्या उलट चित्र पाहा. १८४८ मध्ये मुंबईच्या एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये विद्यार्थ्यांनी आणि तरुण शिक्षकांनी 'स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी' काढली. प्राध्यापक पॅटन यांचं प्रोत्साहन होतं, पण सभा मुलांची होती. निबंध वाचायचे, त्यावर वाद घालायचे. मराठी आणि गुजराती बोलणाऱ्यांसाठी ज्ञानप्रसारक सभा निघाल्या, मराठी सभेत दादोबा पांडुरंग होते. १८४९ मध्ये या मंडळींनी मुलींच्या शाळा काढल्या आणि सभासद स्वतः तिथे फुकट शिकवू लागले. दादाभाई नौरोजी त्यांतलेच. ते स्वतः क्लेअर स्कॉलरशिपवर शिकलेले होते, आणि १८५५ मध्ये गणिताचे प्राध्यापक झाले.

या सभेला स्वातंत्र्य होतं. विषय त्यांचा, निर्णय त्यांचा, चूकही त्यांची. पण पदरी पैसा नव्हता. आपली नोकरी किंवा अभ्यास सांभाळून, फावल्या वेळात शिकवायचं. ज्याच्या घरी चूल पेटायची खात्री आहे त्यालाच हे परवडतं.

म्हणजे बघा, फेलोकडे वेतन होतं आणि सभेकडे स्वातंत्र्य. या दोन गोष्टी एका घरात नांदल्याचं फार कमी दिसतं. डेक्कन कॉलेजातले टिळक आणि आगरकर आठवा. नव्या शाळेचा विचार त्यांच्या वसतिगृहातल्या गप्पांत पिकला, वर्गात नव्हे. १८८०च्या जानेवारीत न्यू इंग्लिश स्कूल सुरू झालं. कॉलेजने त्यांना एकत्र आणलं, पण पुढचं काम त्यांनी कॉलेजबाहेर जाऊन केलं.

बाहेरच्या जगातही हीच ओढाताण आहे. अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठात अलेक्झांडर मिकलजॉन यांनी १९२७ ते १९३२ एक प्रायोगिक कॉलेज चालवलं. शिक्षक आणि विद्यार्थी एकाच वसतिगृहाशी जोडलेले, सुटे सुटे विषय नाहीत, सगळ्यांनी मिळून एका संस्कृतीचा अभ्यास करायचा. त्याच विद्यापीठात १९६६ मध्ये अध्यापन-साहाय्यकांनी संघटना बांधली आणि १९७० मध्ये संप केला. करार पदरात पडला. अभ्यासाची आखणी ठरवण्यातला वाटा मात्र मिळाला नाही. पगारावर बोला, शिक्षणावर बोलू नका, असा तो व्यवहार झाला.

कोणी म्हणेल, आमच्याकडे कर्मवीरांचा धडा आहे ना? आहेच. १९२४ साली साताऱ्यात सुरू झालेल्या वसतिगृहात सगळ्या जातींची मुलं एकत्र राहिली, एकत्र जेवली, श्रम करून शिकली. १९३५ मध्ये रयतने शिक्षक तयार करणारं ट्रेनिंग कॉलेज काढलं. पनवेलचं महात्मा फुले महाविद्यालयही रयतचंच. दक्षिणेची सुरुवात एका जातीपुरती होती, कर्मवीरांनी दार सगळ्यांना उघडलं. हा फरक मोठा आहे, आणि फेलोशिपची चर्चा करणारे तो विसरतात. तुमच्या समूहात कोण येऊ शकतो हे आधी सांगा, समूह कोण चालवतो ते नंतर.

आता घरचं सांगतो. आम्ही काही वर्षांपूर्वी इथे एक अभ्यासवर्ग चालवला. उरण, पेण, खालापूरकडून एस.टी.ने येणारी पदवीची मुलं. विषय तीच ठरवायची आणि एक नुकताच एम.ए. झालेला तरुण सोबत बसायचा. तो शिकवत नसे, प्रश्न विचारी. मुलांनी पहिला विषय निवडला तो त्यांच्या गावातल्या जमिनींच्या संपादनाचा. सातबारा वाचायला शिकली, वडिलांना विचारून आली, एकमेकांची चूक काढू लागली. आम्ही खूश होतो.

वर्ग सहा महिने चालला. मोडला तो मुलांमुळे नाही. तो तरुण तीन कॉलेजांत तासिका तत्त्वावर शिकवत होता. जितके तास तितके पैसे, सुट्टीत काही नाही, पुढच्या वर्षाची खात्री नाही. एका कॉलेजातून दुसऱ्या कॉलेजात जाताना आमचा वर्ग त्याला परवडेना. त्याचं काही चुकलं नाही. आमचंच चुकलं. आम्ही त्याला 'फेलो' म्हणत होतो आणि हातावर चहा ठेवत होतो.

म्हणून नव्या धोरणातल्या अध्यापन-साहाय्यकाकडे आम्ही जरा संशयाने पाहतो. रिकाम्या जागा भरायच्या नाहीत आणि तास मात्र उरकायचे, यासाठी संशोधक विद्यार्थी फार सोयीचा असतो. उद्या तासिकावाल्याची जागा त्याने घेतली तर नाव बदलेल, परिस्थिती तीच राहील.

तेव्हा कोणी फेलोशिपची योजना घेऊन आलं तर तीन प्रश्न विचारा. त्याला जगण्यापुरतं मिळतं का, सुट्टीतही? काय शिकायचं ते ठरवताना मुलांचं आणि त्याचं मत मोजलं जातं का? आणि रानड्यांसारखं काही लिहिलं तर त्याचं वेतन चालू राहतं का? तिन्हींची उत्तरं 'हो' असतील तर खुशाल फेलो म्हणा. एक जरी 'नाही' असेल तर त्या माणसाला त्याच्या कामाचं खरं नाव द्या, म्हणजे निदान त्याला भांडता तरी येईल.

सुरुवातीचा प्रश्न राहिला : विद्यार्थी की मास्तर? आम्हाला वाटतं, दोन्ही. पण दोन्हींची कामं त्याच्याकडून घ्यायची तर दोन्हींचे हक्कही द्यावे लागतील. इथे थांबतो. पुढच्या रांगेतला हात मघापासून वर आहे, बोला.