उडत्या तबकडीचे अंतरंग : हाळ ते डेव्हिल्स टॉवर

विज्ञानपटांची समीक्षा आपल्याकडे बहुधा कथानक व आशय यांभोवती फिरते. पडद्यावरील यानाचे आकारमान आणि त्याची अंतर्गत रचना हा विषय तंत्रज्ञांकडे सोपविला जातो. वस्तुतः यान किती मोठे दाखवावे, त्याचे दार कोणासाठी उघडावे आणि आत काय मांडावे, हे निर्णय आशयाचेच निर्णय असतात. प्रस्तुत लेखात या दृष्टीने मुख्यत्वे स्टीव्हन स्पिलबर्ग यांच्या ‘क्लोज एन्काउंटर्स ऑफ द थर्ड काइंड’ (१९७७) या चित्रपटाचा विचार करावयाचा आहे. त्याचा एक प्रसंग महाराष्ट्रात चित्रित झाला, हेही या निवडीचे एक कारण आहे.

‘उडती तबकडी’ ही कल्पना १९४७ नंतर रूढ झाली आणि लवकरच चित्रपटांत आली. रॉबर्ट वाइज यांच्या ‘द डे द अर्थ स्टुड स्टिल’ (१९५१) मधील तबकडीला बाहेरून सांधा दिसत नाही. आत एक वक्र बोळ असून मध्यभागी नियंत्रणाचे दालन आहे. बाहेरच्या बुटक्या घुमटाखाली हे सारे कसे मावते, हा प्रश्न चिकित्सक प्रेक्षकास पडतो. पण दिग्दर्शकाने आतील दृश्ये अंधारी व मोजकी ठेवल्यामुळे तो प्रश्न रसभंग करीत नाही. ‘फॉरबिडन प्लॅनेट’ (१९५६) मध्ये तबकडी माणसांचीच आहे. तेथे निजण्याच्या जागा आहेत, स्वयंपाकीही आहे. वर्षभराहून अधिक काळ प्रवास करणाऱ्यांचे हे घर असल्याने त्याचे अंतरंग दाखविणे कथेची गरज ठरते.

वेरूळशी निकटचा संबंध असलेल्या आपणांस एक तुलना सहज सुचेल. लेण्याला अंतरंग असते. दर्शनी भाग सोडल्यास बाह्यरूप जवळजवळ नसते. (कैलास लेणे हा अपवाद, म्हणूनच ते अद्भुत वाटते.) चित्रपटातील तबकडीचे याच्या उलट असते. ती बाहेरून पूर्ण असते. आतील जागा कारागिराने नव्हे, प्रेक्षकाने कोरावयाची असते.

स्पिलबर्ग यांचे मातृयान याच तत्त्वावर उभे आहे. अखेरच्या भागात ते डेव्हिल्स टॉवर या पर्वताच्या मागून वर येते, आणि २६० मीटरहून उंच असा तो सुळका त्याच्यापुढे खुजा दिसू लागतो. प्रत्यक्षात ही ग्रेग जीन यांनी घडविलेली, एखाद्या दालनात सहज मावेल अशी प्रतिकृती असून ती आज अमेरिकेतील स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहात आहे. तिच्या रूपाची प्रेरणा स्पिलबर्ग यांना भारतात रात्री पाहिलेल्या, दिव्यांनी उजळलेल्या तेलशुद्धीकरण कारखान्यावरून मिळाली, ही गोष्ट मराठी वाचकाने लक्षात घ्यावी अशी आहे.

भारताने या चित्रपटास आणखी एक गोष्ट दिली. फ्रान्स्वा त्रुफो यांनी साकारलेला शास्त्रज्ञ भारतात येतो, तो प्रसंग खालापूरजवळच्या हाळ गावी चित्रित झाला. पडद्यावर मात्र त्यास धर्मशाळा म्हटले आहे. मोठा जमाव पाच स्वरांची एक ओळ एकमुखाने गात असतो. हे स्वर कोठून आले, असे विचारताच शेकडो हात एकाच वेळी आकाशाकडे उंचावतात. हे पाच स्वरच पुढे यानाशी संवादाची भाषा ठरतात.

हा प्रसंग श्रद्धेचा आदर करणारा आहे, असे म्हणता येईल, आणि त्यात तथ्यही आहे. तथापि यानाचे दार उघडते तेव्हा आत कोण जाते, हे पाहिले पाहिजे. लाल पोशाखातील प्रवासी अमेरिकी व्यवस्थेने निवडलेले आहेत आणि यानातून आलेले जीव निवडतात तो रॉय निअरी हाही अमेरिकीच. ज्यांनी स्वर प्रथम ऐकले ते या स्थळी नाहीत. यानाचे बाह्यरूप आणि त्याच्याशी बोलण्याची भाषा या दोन्हींत भारताचा वाटा आहे. प्रवेश मात्र नाही.

१९८० मध्ये या चित्रपटाची विशेष आवृत्ती आली. नव्या चित्रीकरणासाठी कोलंबिया कंपनीने पैसे दिले ते यानाचे अंतरंग दाखविण्याच्या अटीवर, कारण जाहिरातीस काही नवे हवे होते. निअरी आत जातो. उंच दालन, उजळलेल्या खिडक्यांच्या रांगा, वरून झरणारा चमचमता प्रकाश. हे सारे देखणे आहे, पण एखाद्या भव्य हॉटेलच्या प्रवेशकक्षाहून फार वेगळे नाही. बाहेरून पर्वताएवढे वाटणारे यान आत शिरताच मोजता येण्याजोगे होते. तेथे कोणी राहते, काम करते, प्रवास करते, याची एकही खूण नाही. ‘फॉरबिडन प्लॅनेट’मधील स्वयंपाकघराइतकेही वास्तव्य तेथे जाणवत नाही. स्पिलबर्ग यांनाही ही तडजोड पुढे खटकली. १९९८च्या आवृत्तीतून त्यांनी ते दालन काढून टाकले.

हाळचा प्रसंग तिन्ही आवृत्त्यांत कायम आहे. हात वर जातात, बोटे आकाशाकडे रोखली जातात आणि दृश्य तेथेच तुटते. त्या बोटांच्या वर काय आहे, हे पडद्यावर दिसत नाही.