तक्रार आणि तपासणी यांमधले अंतर

‘स्त्रिया स्वतःच्या आरोग्याकडे दुर्लक्ष करतात’ हे विधान आपण इतक्या वेळा ऐकतो की ते तपासून पाहावे असे आपल्याला वाटत नाही. ते तपासण्यासाठी एक जुना शोधनिबंध आजही उपयोगी पडतो. डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग आणि सहकाऱ्यांचा हा निबंध जानेवारी १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

दवाखान्यात आलेल्या रुग्णांवरून रोगाचे प्रमाण काढले, तर जी स्त्री दवाखान्यात पोचलीच नाही ती हिशेबातून सुटते. म्हणून संशोधकांनी गडचिरोलीतील दोन गावांतच ६५० स्त्रियांना तपासले. मग त्यांना त्रास असो वा नसो. निबंधाचे खरे मोल या पद्धतीत आहे.

५५ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगाच्या तक्रारी होत्या. तपासणीत मात्र ९२ टक्के स्त्रियांना एक वा अधिक स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार आढळले. सरासरी प्रत्येकीमागे ३.६. यांतले निम्मे आजार जननमार्गाच्या जंतुसंसर्गाचे होते. अशी तपासणी व उपचार पूर्वी कधी तरी झालेल्या स्त्रिया होत्या अवघ्या ८ टक्के.

आता दोन वजाबाक्या करू. ९२ मधून ५५ गेले, उरले ३७. म्हणजे शंभरातल्या निदान ३७ जणींना आजार होता, पण तक्रार नव्हती. येथे माहिती आणि नियमित तपासणी उपयोगी पडेल. दुसरी वजाबाकी अधिक बोलकी आहे. उपचार मिळालेल्या आठही जणी तक्रार असलेल्यांपैकीच होत्या असे मानले, तरी ५५ मधून ८ वजा जाता ४७ उरतात. या ४७ जणींना त्रास जाणवत होता, तरीही त्यांची तपासणी झाली नव्हती. त्याचे खापर केवळ अज्ञानावर कसे फोडणार?

का झाली नव्हती, हे मात्र या आकड्यांवरून कळत नाही. ही निबंधाची मर्यादा आहे. अभ्यास दोनच गावांचा आणि एकाच वेळी केलेला, त्यामुळे कारणांविषयी त्यातून फारसे ठामपणे बोलता येत नाही. कमी-अधिक तीव्रतेचे आजार एकाच बेरजेत आल्याने ३.६ या सरासरीवरून त्रास किती गंभीर होता तेही समजत नाही. हे आकडे साऱ्या देशाला लावणे तर चूकच ठरेल.

कारणांकडे जाण्याची वाट राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या (२०१९–२१) प्रश्नावलीत दिसते. दवाखान्यात जायला परवानगी, पैसे, अंतर, वाहन, सोबत कोणी असणे, तेथे स्त्री कर्मचारी असणे यांपैकी कशाची अडचण येते, असे तीत स्त्रियांना विचारले आहे. यांतली एकही गोष्ट त्या स्त्रीच्या एकटीच्या हातातली नाही.

शिक्षकांनी ५५, ९२ आणि ८ हे आकडे फळ्यावर मांडावेत. ‘निदान’ हा शब्द का वापरला, ते मुलांना शोधू द्यावे. मग आपल्या गावातून स्त्री-डॉक्टरपर्यंत पोचायला किती वेळ, किती भाडे, किती बुडालेली मजुरी आणि कोणाची संमती लागते, याची यादी करून घ्यावी. ती यादी पुरी होण्याआधी ‘दुर्लक्ष’ म्हणणे, म्हणजे निरीक्षणाआधीच निष्कर्ष लिहिणे होय.